भिवंडीचा धडा : दंगल, लूटमार आणि प्रशासनाचे कर्तव्य

डिसेंबर १९९२ मध्ये आणि त्यापाठोपाठ जानेवारी १९९३ मध्ये मुंबई शहर दंगलीच्या आगीत होरपळून निघाले. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने या दोन महिन्यांतील मृतांची संख्या ९०० आणि जखमींची संख्या २,०३६ अशी नोंदविली आहे. याच काळात, ठाण्यापलीकडे वसलेल्या भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात मात्र दंगल झाली नाही. भिवंडीचा पूर्वेतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांना याचे मोठे आश्चर्य वाटले. महाराष्ट्रात कोठेही खुट्ट झाले की पहिली ठिणगी भिवंडीत पडणार, असाच तोवरचा समज होता.

हे शहर शांत राहिले ते दैवयोगाने नव्हे. त्यामागे चार वर्षांची चिकाटीची तयारी होती. दंगल आणि लूटमार यांना प्रशासनाने कसे तोंड द्यावे, या प्रश्नाचा विचार करताना भिवंडीचे उदाहरण म्हणूनच सर्वप्रथम डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

दोनदा जळलेले शहर

कामवारी नदीच्या काठचे भिवंडी हे जुने गाव. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी आणि इतर जुने रहिवासी येथे पिढ्यान् पिढ्या राहत आले. यंत्रमागाचा धंदा वाढला तसे उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले आणि राज्याच्या इतर भागांतूनही कामगार आले. वस्ती दाट झाली. घरे, गाळे, पाणी व गटारे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आणि खानावळीत जेवणारे हजारो तरुण कामगार ज्या शहरात राहतात, तेथे लहानशा भांडणालाही मोठे रूप येण्यास वेळ लागत नाही.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली आणि तिचे पडसाद लगोलग जळगाव व महाड येथे उमटले. या घटनांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मदन यांचा आयोग नेमण्यात आला. तणाव अनेक महिने साचत होता, हे आयोगाच्या चौकशीतून स्पष्ट झाले. दंगलीनंतरच्या तपासात सर्व समाजांना समान वागणूक मिळाली नाही, असा ठपकाही आयोगाने तपास पथकावर ठेवला. शासनयंत्रणेच्या दृष्टीने हा निष्कर्ष कटू होता; पण त्यातूनच पुढचा धडा घ्यावयाचा होता.

तो वेळीच घेतला गेला नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरली, सैन्यास पाचारण करावे लागले आणि एकूण अडीचशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. चौदा वर्षांत एकाच शहरात दोन वेळा असा संहार झाला. मदन आयोगाचा सविस्तर अहवाल शासनदरबारी असतानाही दुसरी दंगल टळली नाही. अहवालातील शब्द गल्लीतील शिपायापर्यंत आणि गल्लीतील रहिवाशापर्यंत पोहोचल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

मोहल्ला समित्यांचा प्रयोग

१९८८ मध्ये श्री. सुरेश खोपडे हे भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून रुजू झाले. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या. परंतु त्यांत बहुधा प्रतिष्ठित पुढारी मंडळीच असत, आणि तणाव निर्माण झाल्यावरच त्यांची बैठक बोलाविली जाई. ज्या गल्लीत दगड पडणार त्या गल्लीतील माणूस त्या बैठकीत नसे. श्री. खोपडे यांनी ही पद्धत बदलली. शहराची वस्तीवार विभागणी करून सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन करण्यात आल्या. त्यांत दोन्ही समाजांचे सदस्य बरोबरीने घेण्यात आले. भाजीवाला, शिक्षक, डॉक्टर, यंत्रमाग कामगार, दुकानदार अशी सामान्य माणसे त्यांत होती, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या व्यक्तींना कटाक्षाने दूर ठेवण्यात आले. प्रत्येक वस्तीशी ठरावीक पोलीस अधिकारी व कर्मचारी जोडून देण्यात आले.

या समित्यांच्या बैठका नियमित होत, आणि त्यांत धर्माचा विषय क्वचितच निघे. नळाचे पाणी, तुंबलेले गटार, घरमालक व भाडेकरू यांचा वाद, नवराबायकोचे भांडण, पोरांची मारामारी, असे रोजचे प्रश्न तेथे मांडले जात. वरवर पाहता पोलिसांचा या गोष्टींशी काय संबंध, असे वाटेल. परंतु एकमेकांच्या वस्तीत कधी पाऊल न टाकणारी माणसे या निमित्ताने एकत्र बसू लागली. पोलीस चौकीची पायरी चढण्यास भिणारा माणूस हवालदाराला नावाने ओळखू लागला. हवालदारालाही कोणत्या गल्लीत कोण खरे बोलतो आणि कोण आग लावतो, हे कळू लागले.

या ओळखीचा उपयोग डिसेंबर १९९२ मध्ये झाला. त्या वेळी श्री. खोपडे यांची बदली झालेली होती आणि उपायुक्तपदाची सूत्रे श्री. गुलाबराव पोळ यांच्याकडे होती. म्हणजे योजना एका अधिकाऱ्यावर अवलंबून राहिली नव्हती. ती पुढे चालविणारा अधिकारी लाभला होता आणि समित्यांतील माणसे आपापल्या ठिकाणी कायम होती. मुंबईहून भयानक बातम्या येत असताना या मंडळींनी आपापल्या वस्त्या सांभाळल्या.

ठिणगी आणि दारूगोळा

दंगल ‘अचानक’ झाली, असे नेहमी म्हटले जाते. ठिणगी अचानक पडते हे खरे. मिरवणुकीवर आलेला एखादा दगड, प्रार्थनास्थळाजवळ सापडलेली एखादी वस्तू, छेडछाडीची तक्रार, रस्त्यावरचा अपघात, यांपैकी काहीही ठिणगी ठरू शकते. पण दारूगोळा आधीपासून साठलेला असतो. जागेचे जुने वाद, धंद्यातील चुरस, निवडणुकीतील वैर, चिथावणीची भाषणे, आणि आपल्याला न्याय मिळणार नाही ही एखाद्या समाजाच्या मनात रुजलेली भावना हा तो दारूगोळा होय. दंगलीची तयारी ओळखावयाची तर या साठ्याकडे लक्ष असले पाहिजे.

त्या दृष्टीने काही लक्षणे प्रत्येक ठाणे अंमलदाराच्या, तहसीलदाराच्या आणि नगरपालिका मुख्याधिकाऱ्याच्या ध्यानात असावीत. मिरवणुकीचा मार्ग बदलण्याचा एकाएकी आग्रह धरला जाणे, निनावी पत्रके निघणे, गच्च्यांवर दगडविटा गोळा होणे, एखाद्या वस्तीतून बायकामुलांना गावी पाठविले जाणे, शाळेतील हजेरी अकारण घटणे, ही सर्व पूर्वसूचनाच असते. ती टिपण्यास गुप्तवार्ता विभागाची वाट पाहण्याचे कारण नाही. सफाई कामगार, टपालवाला, रेशन दुकानदार आणि शाळेतील शिक्षक यांना ती आधी दिसते. त्यांनी ती कोणाला सांगावी, आणि सांगितल्यावर आपले नाव उघड होणार नाही असा विश्वास त्यांना कसा वाटावा, हाच प्रश्न असतो.

पहिले काही तास

तयारी असूनही दंगल सुरू झालीच, तर पहिल्या काही तासांत जे घडते त्यावर पुढचे सर्व अवलंबून असते. सुरुवातीस रस्त्यावर उतरणारे थोडे असतात आणि बघे पुष्कळ असतात. आपल्याला कोणी अडविणार नाही अशी खात्री पटली की बघ्यांतील काहीजण दंगलखोर होतात. म्हणून पोलीस दलाने लवकर दिसणे, पुरेशा संख्येने दिसणे आणि ठाम वागणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. उशिरा आलेल्या मोठ्या दलाला जे करावे लागते, ते वेळेवर आलेले लहान दल पुष्कळदा टाळू शकते.

याकरिता प्रत्येक शहराची दंगल नियंत्रण योजना कागदावर तयार असणे व तिची रंगीत तालीम होणे आवश्यक आहे. संवेदनशील जागांचे नकाशे, बंदोबस्ताची ठिकाणे, अग्निशमन दलाचे मार्ग, रुग्णालयांतील खाटा, पर्यायी संदेशवहन आणि कोणी कोणास आदेश द्यावयाचे याची स्पष्ट साखळी, या सर्व बाबी त्या योजनेत याव्यात. गरज पडल्यास राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी मागविता येते. केंद्रीय राखीव पोलीस दलांतर्गत ऑक्टोबर १९९२ मध्ये उभारलेले शीघ्र कृती दल खास याच कामासाठी असून त्याची एक बटालियन नवी मुंबईत तळोजे येथे आहे. मात्र बाहेरून आलेल्या जवानाला गल्ल्या ठाऊक नसतात. त्याच्याबरोबर स्थानिक पोलीस असल्याशिवाय त्याचे बळ पुरते उपयोगी पडत नाही.

मुंबईच्या दंगलीसंबंधी श्रीकृष्ण आयोगाने राजकीय नेतृत्वाची कचखाऊ वृत्ती, निर्णयातील चालढकल आणि पोलीस आयुक्तांना मिळालेले परस्परविरोधी आदेश यांवर स्पष्ट शब्दांत टीका केली आहे. वरच्या पातळीवरील संदिग्धता चौकातील शिपायापर्यंत तत्काळ पोहोचते. काय करावे हे ज्याला कळत नाही तो शिपाई एक तर बघत राहतो, नाही तर अतिरेक करतो. दोन्हींचे परिणाम निरपराध नागरिकाला भोगावे लागतात.

बळाचा वापर आणि कायदा

बळाच्या वापराबाबत कायदा संदिग्ध नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १४८ नुसार कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी बेकायदेशीर जमावास पांगण्याचा आदेश देऊ शकतो, आणि जमाव पांगला नाही तर बळाचा वापर करू शकतो. कलम १४९ मध्ये सशस्त्र दलांचे साहाय्य घेण्याची तरतूद आहे. या कलमांखाली सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम १५१ चे संरक्षण आहे. आदेश देताना कचरण्याचे अधिकाऱ्यास कारण नाही. त्याने केवळ कायद्याची चौकट सोडू नये.

ती चौकट साधी आहे. प्रथम स्थानिक भाषेत, ध्वनिक्षेपकावरून, सर्वांना ऐकू जाईल अशी सूचना द्यावयाची. त्यानंतर पाण्याचा मारा, अश्रुधूर, लाठीमार अशा चढत्या क्रमाने जावयाचे. गोळीबार हा शेवटचा उपाय, आणि तोही अन्य मार्गाने प्राणहानी टळत नसेल तरच. जमाव मागे फिरला की बळाचा वापर त्याच क्षणी थांबला पाहिजे. जखमींस, मग ते कोणीही असोत, तत्काळ उपचार मिळाले पाहिजेत. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा लेखी हिशेब राहिला पाहिजे.

येथे मुंबईचे आकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल. आयोगाने नोंदविलेल्या ९०० मृत्यूंपैकी ३५६ पोलीस गोळीबारात, ३४७ भोसकल्याने, ९१ जाळपोळीत, ८० जमावाच्या हल्ल्यात, २२ खाजगी गोळीबारात आणि ४ अन्य कारणांनी झाले. दर पाच मृतांमागे जवळजवळ दोघे पोलिसांच्या गोळीने मरण पावले, ही बाब कोणत्याही जबाबदार अधिकाऱ्यास विचारात पाडणारी आहे. दुसरा आकडाही तितकाच बोलका आहे. चौकातल्या मोठ्या जमावाने मारलेल्यांपेक्षा भोसकून मारलेल्यांची संख्या चौपटीहून अधिक होती. एकट्यादुकट्याला गाठून केलेला वार मुख्य रस्त्यावरील संचलनाने थांबत नाही. तो थांबवावयाचा तर गल्लीची माहिती असलेला शिपाई आणि परक्या वाटसरूलाही घरात घेणारा रहिवासी लागतो. भिवंडीने जोडलेली माणसे नेमकी हीच होती.

लूटमार : दंगलीची सावली

दंगल करणारे आणि लूट करणारे नेहमी एकच नसतात. दगडफेक व जाळपोळ सुरू झाली, पोलीस दुसरीकडे गुंतले आणि दुकानाचे दार तुटले की लूटमारीस ऊत येतो. कालपर्यंत त्याच दुकानातून उधारीवर माल नेणारा माणूसही त्यात सामील होतो. काही वेळा लूट ठरवून केली जाते. धंद्यातील प्रतिस्पर्ध्याचे दुकान किंवा गोदाम नेमके हेरले जाते. या दोन्ही प्रकारांना एकच गोष्ट पोषक ठरते, ती म्हणजे त्या ठिकाणी कायद्याचा माणूस नसणे.

म्हणून बंदोबस्त आखताना प्रार्थनास्थळांबरोबरच बाजारपेठा, धान्याची गोदामे, रेशन दुकाने, पेट्रोल पंप, मद्याची दुकाने आणि औषधालये यांचाही विचार करावा. ज्वालाग्राही पदार्थांच्या सुट्या विक्रीवर वेळीच बंदी घालावी. दुकान फुटले तर ते उघडे न ठेवता नगरपालिकेच्या साहाय्याने तातडीने बंद करून घ्यावे. उघडे दार हे पुढच्या लुटारूस निमंत्रणच असते.

लुटीचा माल परत मिळविण्याचा तपासही तितकाच महत्त्वाचा आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आता बंधनकारक आहे. त्यामुळे पुराव्यास बळकटी येते आणि झडतीच्या नावाखाली एखाद्या वस्तीस त्रास दिल्याच्या तक्रारींनाही आळा बसतो. सार्वजनिक मालमत्तेच्या हानीसाठी १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे. आग लावून अशी हानी केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. दंगलीतील नुकसानीची भरपाई ते घडविणाऱ्यांकडून वसूल करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. मात्र ही जबाबदारी पुराव्याने व योग्य प्रक्रियेने सिद्ध झाली पाहिजे. संशयावरून एखाद्याचे घर किंवा दुकान लक्ष्य करणे हे कायद्याचे राज्य नव्हे.

संचारबंदीतील चूल

जमावबंदी आणि संचारबंदी यांत लोकांचा नेहमी घोटाळा होतो. जमावबंदीत पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येण्यास मनाई असते. संचारबंदीत घराबाहेर पडण्यासच मनाई असते. पहिल्या आदेशाने काम भागत असेल तर दुसरा देऊ नये, आणि दुसरा द्यावाच लागला तर तो काटेकोरपणे अमलात आणावा. नावापुरती संचारबंदी शासनाचा धाक घालविते.

संचारबंदीचा खरा भार हातावर पोट असलेल्यांवर पडतो. यंत्रमाग बंद पडला की कामगाराची मजुरी बंद होते, आणि त्याच्यापाठोपाठ बिगारी, हमाल, हातगाडीवाला व खानावळवाली यांची चूल विझते. पगारदाराच्या घरात महिन्याचे धान्य असते, मजुराच्या घरात दोन दिवसांचे. दूध, धान्य, भाजी व औषधे वस्तीतच पोहोचविणे, बाळंतिणी व रुग्ण यांच्यासाठी वाहनाची सोय करणे, परवाने सुलभपणे देणे आणि सवलतीचे तास आधी जाहीर करणे हा कायदा व सुव्यवस्थेचाच भाग आहे. भुकेलेली वस्ती शांत राहत नाही. शिवाय एका वस्तीत दोन तासांची सवलत आणि शेजारच्या वस्तीत अर्ध्या तासाची, असे घडले की पक्षपाताची शंका येते. सवलतीचे वेळापत्रक सर्वांस दिसेल असे असावे.

अफवेचा वेग

पूर्वी अफवा तोंडातोंडी पसरे. आता ती भ्रमणध्वनीवरून क्षणात गावोगाव जाते. तिला शहर आणि खेडे असा भेद नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेमुळे भिक्षुकीवर उदरनिर्वाह करणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. ज्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्यांना डांबले गेले, तेथेच त्यांचा अंत झाला. पंचायत सदस्यांनी ही घटना विसरता कामा नये. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसाचारास प्रतिबंध करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले.

अफवेवर उतारा एकच, तो म्हणजे खरी माहिती, लवकर आणि विश्वासाच्या माणसाकडून. मृतांची संख्या दडविल्याने ती लोकांच्या तोंडी दसपट होते. जिल्हाधिकारी कार्यालयाने ठरावीक वेळी अधिकृत निवेदन काढावे. एका कार्यालयाने एक आणि दुसऱ्याने दुसरे सांगू नये. इंटरनेट सेवा बंद करण्याचा उपाय काही प्रसंगी योजला जातो. परंतु त्याने खऱ्या माहितीचाही मार्ग बंद होतो, हे लक्षात घेऊन तो मोजक्या प्रसंगी व मर्यादित काळापुरताच योजावा.

दंगलीनंतरचे काम

आग विझली की प्रशासनाचे काम संपले, असे समजण्याची चूक पुष्कळदा होते. वस्तुतः पुढच्या दंगलीचे बीज याच काळात पेरले जाते, किंवा जाळले जाते. पंचनामे तत्काळ व्हावेत. दुकानदाराला विम्याची रक्कम मिळावयाची असेल तर प्रथम माहिती अहवाल आणि पंचनामा यांखेरीज ती मिळत नाही. महसूल व नगरपालिका कर्मचाऱ्यांनी वस्तीत जाऊन नोंदी कराव्यात. कागदपत्रे जळालेल्या माणसाकडे कागदपत्रांचाच आग्रह धरू नये. शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला यांच्या दुय्यम प्रती वस्तीतच देता येतात.

याहून महत्त्वाचा आहे तो गुन्ह्यांचा तपास. मुंबईच्या दंगलीतील अनेक गुन्हे ‘अ’ समरीखाली, म्हणजे गुन्हा खरा परंतु आरोपी अज्ञात, असे म्हणून बंद करण्यात आले होते. ज्याच्या मुलाला मारणारे शेजारी त्याला दिसले होते, त्याला ‘आरोपी अज्ञात’ हा शेरा कसा पटावा? अपराध्यास शिक्षा होत नाही हे एकदा दिसले की गुंडास अभय मिळते आणि पीडिताच्या मनात सूडाची भावना घर करते. तपास जलद आणि निःपक्ष होणे, दोषी पोलीस असला तरी त्याच्यावरही कारवाई होणे, आणि चौकशी आयोगांच्या शिफारशींचा पाठपुरावा होणे, हा भविष्यातील शांततेचा पाया आहे.

शिक्षक आणि पंचायत सदस्य

हे सर्व पोलिसांचे काम, आपला त्यात काय वाटा, असे शिक्षकांस वा पंचायत सदस्यांस वाटण्याचा संभव आहे. परंतु शहराची हद्द आता खेड्यांच्या वेशीस भिडली आहे. भिवंडीच्या भोवतालच्या गावांतून गोदामे उभी राहिली आहेत आणि तेथील तरुण रोज शहरात ये-जा करतात. शहरातील तणाव संध्याकाळच्या बसबरोबर गावात येतो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावातील शांततेस बाधा आणणाऱ्या गोष्टींची माहिती देणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य आहे. सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्यात सुसंवाद असेल तर ही माहिती वेळेवर पोहोचते. राज्यात २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनेही हेच सूत्र स्वीकारले होते : तंटा लहान असतानाच गावाने तो मिटवावा.

शिक्षकाचे स्थान याहून नाजूक आणि याहून प्रभावी आहे. ज्या वर्गात दोन्ही समाजांची मुले शेजारी बसतात, त्या वर्गातील शिक्षकाचा शब्द दोन्ही घरांत ऐकला जातो. तणावाच्या दिवसांत मुले सुरक्षित घरी पोहोचली की नाहीत याची चौकशी करणारे गुरुजी किंवा बाई, पालकांच्या दृष्टीने कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक विश्वासार्ह असतात. इतिहासाच्या तासाला वापरलेला एखादा तुच्छतेचा शब्दही मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहतो, याचे भान त्यांनी ठेवावे.

अखंड जागरूकता हवी

मुंबईतही १९९३ नंतर माजी पोलीस आयुक्त श्री. ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त श्री. सतीश साहनी आणि श्रीमती सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. भिवंडीचे सूत्र महानगरातही राबविता येते, हे तिने दाखवून दिले. पण याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्याच्या वादातून हिंसाचार झाला; पोलीस गोळीबारात नागरिक मरण पावले आणि त्यानंतर दोन पोलीस शिपायांची जमावाने हत्या केली. १९९२ मध्ये जेथे पोलीस आणि रहिवासी खांद्याला खांदा लावून उभे होते, तेथे चौदा वर्षांनी ते एकमेकांसमोर उभे ठाकले.

या घटनेने पूर्वीच्या प्रयोगाचे मोल कमी होत नाही. विश्वास ही एकदा बांधून कुलूप लावून ठेवण्याची इमारत नव्हे, इतकेच तिने बजावले. अधिकारी बदलतात, समित्यांतील जुनी माणसे थकतात आणि नव्या पिढीला जुन्या दंगलीची आठवण नसते. म्हणून समितीची पुढची बैठक कधी आहे, तिच्यात नवे सदस्य कोण आहेत आणि मागील बैठकीत सांगितलेले गटार साफ झाले की नाही, हे प्रश्न शांततेच्या काळातच विचारले गेले पाहिजेत. साफ झालेल्या गटारामुळे दंगल टळते असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपले गाऱ्हाणे ऐकले जाते, ही खात्री ज्या वस्तीला असते, त्या वस्तीत दगड उचलण्यापूर्वी माणूस चौकीकडे वळतो. शासनाच्या सामर्थ्याची खरी कसोटी तेथेच लागते.